खोड विकत घे, आवाज मढवून घे

पोरी, जुनी लाकडी चर्मवाद्यं जमवायचं तू मनावर घेतलंयस, तर पहिली गोष्ट पक्की लक्षात ठेव. अशा वाद्यात जे जुनं असतं ते वाजत नसतं, आणि जे वाजतं ते जुनं नसतं. पखवाजाचं खोड तीन-तीन पिढ्या टिकतं. त्याच्यावर ताणलेली कातड्याची पुडी मात्र रोजच्या भजनात काही महिन्यांत, फार जपली तर दोन-चार वर्षांत बदलावी लागते. तेव्हा ‘शंभर वर्षांचा पखवाज’ म्हणून कुणी तुझ्यापुढं वाद्य ठेवलं आणि त्यावर थाप मारून दाखवली, तर तुझ्या कानावर पडतं ते गेल्या आषाढात मढवलेलं कातडं. ज्याला हे कळत नाही तो नव्याकोऱ्या पुडीला भुलून किडकं खोड घरी आणतो, नाहीतर फाटकी पुडी बघून अस्सल शिसमाचं खोड सोडून येतो.

मी भजनात पखवाज वाजवला, मढवणाऱ्यांच्या शेजारी बसलो आणि जुनी खोडं पारखत आलो. त्यातून जे हाताला आणि कानाला कळलं, ते तुला देतो.

आपल्या भागात काय सापडतं ते आधी ओळख

आपला मुलूख या बाबतीत श्रीमंत आहे. गावोगावच्या भजनी मंडळांत पखवाज आहेत. पंढरीच्या वाटेवर त्यालाच मृदंग म्हणतात. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे इथूनच इंदूरच्या होळकर दरबारात गेले आणि पखवाजाचं घराणं उभं केलं. तमाशाची ढोलकी तर आपल्या सांगली जिल्ह्याच्या हाडामांसात आहे. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षला 1866 मध्ये जन्मलेले पठ्ठे बापूराव, कवलापूरचे शिवा-संभा आणि पुढं त्याच गावचे काळू-बाळू यांच्या फडांनी ढोलकीवाल्यांच्या पिढ्या पोसल्या. आरेवाडीच्या बिरोबाला आणि पट्टणकोडोलीच्या जत्रेला धनगरी ढोल घुमतो. गोंधळ्यांकडं संबळ, वाघ्यांकडं दिमडी. कडेगावात मोहरमला उंच ताबुतांच्या भेटी होतात तेव्हा हिंदू-मुसलमान दोघंही खांदा देतात आणि वाद्यांचा गजर होतो.

मिरज लांब नाही, पण एक ध्यानात घे. मिरजेचं नाव आहे ते तंतुवाद्यांसाठी. तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं तबला-पखवाज मढवणारे कारागीर भेटतील, पण जुनी खोडं दुकानात फारशी नसतात. ती सापडतात देवळाच्या माडीवर, घराच्या पोटमाळ्यावर, बंद पडलेल्या मंडळाच्या पेटाऱ्यात.

वय आवाज गोड करत नाही, लाकूड स्थिर करतं

‘जुन्या लाकडाला आवाजच वेगळा’ हे वाक्य तू शंभरदा ऐकशील. त्यातलं खरं किती ते समजून घे.

चर्मवाद्यात थरथरतं ते कातडं. खोडाचं काम तीन प्रकारचं. एक, कातड्याला घट्ट आणि सपाट काठ देणं. दोन, आतल्या पोकळीतली हवा अडवून धरणं, म्हणजे घुमारा येतो. तीन, स्वतः जड आणि टणक राहून कातड्याची थरथर खाऊन न टाकणं. खोड हलकं, मऊ असेल तर थापेचा जोर लाकडातच जिरतो आणि आस, म्हणजे थापेनंतर रेंगाळणारा सूर, लवकर तुटते. म्हणून तबल्याच्या उजव्याला शिसम, खैर, बिबळा, बाभूळ असली जड लाकडं पसंत करतात. फणसाचंही खोड चांगलं होतं. आंबा स्वस्त पडतो, हलका असतो आणि किड्याला लवकर बळी पडतो. ढोलाला मात्र हलकं लाकूड चालतं, कारण तो गळ्यात घेऊन तासन्‌तास नाचायचं असतं.

मग जुन्या खोडाचा फायदा काय? ओलं लाकूड वाळताना आक्रसतं, वाकतं, चिरतं. पन्नास पावसाळे खाल्लेल्या खोडानं हे सगळं आधीच करून घेतलेलं असतं. त्यातूनही जे शाबूत राहिलं ते आता सहसा हलत नाही. त्याचा काठ जागा सोडत नाही, म्हणून लावलेला सूर टिकतो. जुन्याची किंमत या स्थैर्याची आहे. खोड जुनं पण काठ वाकडा असेल, तर त्याच्या वयाला संग्रहात मान असेल, वाजवणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

अमेरिकेतही हाच हिशोब चालतो. तिकडं 1957 पासून ड्रमला प्लास्टिकचं पान आलं आणि कातडं मागं पडलं. तरी तिथले जमवणारे आजही 1930 च्या दशकातल्या स्लिंगरलँड कंपनीच्या ‘रेडिओ किंग’ या ड्रमसारख्या वाद्यांच्या मागं असतात, कारण त्याचं कडं मेपलच्या एकाच फळीला वाफ देऊन वळवलेलं होतं. ते पान बघत नाहीत. लाकूड अखंड आहे का, नंतर कुणी भोकं पाडलीत का, मूळ रंग आहे का, एवढंच बघतात.

उचल, टकटक कर, मग दिवा धर

वाद्य हाती आलं की आधी वाजवू नको. उचल. आकाराच्या मानानं जड लागलं तर लाकूड घट्ट दाण्याचं आहे. मग पुडीवर एक तळहात ठेवून तिचा आवाज दाब आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेरानं खोडावर ठिकठिकाणी टकटक कर. अखंड लाकूड सगळीकडं सारखा, कोरडा, खणखणीत आवाज देतं. एखाद्या जागी आवाज बसका किंवा फाटका आला तर तिथं चीर आहे, किंवा आत किड्यानं पोखरलंय.

पुडी काढायला मालक तयार असेल तर अर्धं काम झालं. अंधाऱ्या खोलीत खोडाच्या आत मोबाईलची बत्ती धर आणि बाहेरून बघ. उजेडाची केसाएवढी रेघ दिसली तर चीर आरपार आहे. लाख, राळ किंवा हल्लीचा लांबी-मसाला भरून वरून रंग दिलेला असला, तरी ठोकल्यावर आवाज लपत नाही.

सगळ्याच चिरा वाईट नसतात. तबल्याचं खोड वरून कोरलेलं असतं आणि खाली भरीव ठेवलेलं असतं, म्हणून झाडाचा गाभा तळात राहतो. उलटं करून तळ बघ. गाभ्यापासून चारी बाजूंना बारीक चिरा फुटलेल्या दिसतील. त्या तळापुरत्या असतील तर घाबरायचं कारण नाही. लाकूड वाळताना असं होतंच. त्यातली एखादी चीर बाजूनं वर चढत काठापर्यंत गेली असेल तर मात्र ते खोड वाजवण्यासाठी घेऊ नको.

जुन्या काळी कुणी चीर पडलेल्या ढोलावर पितळेची किंवा लोखंडाची पट्टी ठोकली असेल तर ती काढू नको. ज्यानं ती ठोकली त्याला ते वाद्य टाकायचं नव्हतं. ती दुरुस्ती आता त्या वाद्याचाच भाग आहे.

काठावर सगळं ठरतं

मला एकच जागा तपासू दिली तर मी काठ तपासीन. उघडं खोड सपाट काचेवर किंवा चांगल्या फरशीवर पालथं घाल आणि पलीकडून दिवा धर. काठाखालून उजेड झिरपला तर तिथं खोलगट आहे. मग डोळे मिटून काठावरून बोट फिरव. उंदरानं कुरतडलेलं, हातोडी बसलेलं, कुणी घाईनं तासलेलं, सगळं बोटाला कळतं. तोंडाचं माप दोन दिशांनी घे, उभं आणि आडवं. गाभा एका बाजूला ठेवून कापलेल्या लाकडाचं तोंड वाळताना लांबट होतं. थोडा फरक चालतो, जास्त असेल तर पुडी एका बाजूला ताणली जाते.

वाद्य मढवलेलं असेल आणि उघडता येत नसेल, तर चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर, ‘ना’ वाजवत तबल्याच्या सोळाही घरांवरून गोल फीर. हातोडीनं गजरा हळू ठोकून एकेक घर सुराला आणायचं, हे तुला येतंच. पंधरा घरं आली आणि एक काही केल्या येत नसेल, तर दोष पुडीचा की खोडाचा? याचा जुना उपाय सांगतो. त्या जागी खोडावर खडूनं खूण कर. पुन्हा मढवताना कारागिराला पुडी फिरवून बसवायला सांग. बेसूर घर पुडीबरोबर सरकलं तर कातडं असमान आहे. खडूच्या खुणेपाशीच राहिलं तर काठ वाकडा आहे. काठ दुरुस्त होतो, पण जाणत्या हातानं आणि अगदी थोडा घासून. एकदा जास्त उतरला की परत येत नाही.

शाई समजून घे, मग ऐक

साधं गोल कातडं ताणून वाजवलं तर त्यातून मूळ स्वराबरोबर 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट असे आडमाप स्वर निघतात. म्हणून साध्या ढोलाचा नेमका सूर सांगता येत नाही, नुसता घुमारा येतो. शाईचा काळा गोल लावला की चित्र बदलतं. मधोमध वजन पडल्यामुळं तेच वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नीट पायऱ्यांवर येऊन बसतात आणि कानाला एकच भरीव सूर ऐकू येतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी हे 1920 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात मांडलं आणि 1934 मध्ये इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात सविस्तर लिहिलं. आपल्या कारागिरांच्या हातांनी हे त्याच्या कितीतरी आधी साधलं होतं.

शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड, काजळी आणि खळ यांचा लगदा. तो एका वेळी लावत नाहीत. पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचा, थोडा सुकू द्यायचा आणि पुन्हा थर द्यायचा. घोटता घोटता तिला बारीक भेगा पडतात. त्या भेगा हव्यातच. त्यांच्यामुळं जड शाई कातड्याबरोबर लवते. म्हणून शाईवर भेगा दिसल्या की वाद्य खराब, असं समजू नको. खपली सुटून कणकण उडायला लागले आणि थापेबरोबर करकर यायला लागली, की शाई संपली. तिच्यावर डिंक, फेव्हिकॉल काही लावायचं नाही. ती उतरवून नवी घालायची किंवा पुडीच बदलायची.

वाद्य ऐकताना तीन गोष्टी ऐक. चाटेवर ‘ना’ धारदार आणि स्वच्छ येतो का. लवेवर, म्हणजे चाट आणि शाईच्या मधल्या कातड्यावर, आस किती टिकते. आणि हलकी थाप व जोराची थाप यांचा सूर एकच राहतो का. जोरात मारल्यावर सूर वर उडत असेल तर पुडी सैल आहे. पखवाजाच्या धुम्याला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, कणीक लावल्याशिवाय त्याची परीक्षा करू नको. कणीक नसली की उत्तम पखवाजही पोकळ लागतो. ढोलकीच्या धुम्याला आतून मसाला असतो, तो सुकून भुगा झाला असेल तर घुमारा मरतो. तो दोष खोडाच्या माथी मारू नको.

किडा जिवंत आहे की मेला, हे बघ

जुन्या खोडाला बारीक भोकं असतातच. भोकाच्या कडा काळपट, आत धूळ बसलेली, तर किडा कधीच गेलाय. कडा पांढुरक्या आणि भोकातून पिठासारखा भुसा गळतोय, तर तो आत आहे. शंका असेल तर खोड झटकून काळ्या कागदावर ठेव आणि काही आठवडे हलवू नको. कागदावर नव्यानं भुसा पडला की समजायचं.

असं खोड बाकीच्या वाद्यांत ठेवू नको. पुडी, ती ताणणारी वादी, सगळं काढून घे, भोकाभोकातून सुईनं लाकडातल्या किड्याचं औषध सोड, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेव आणि मग पुष्कळ दिवस हवेशीर सुकू दे. कातडं मढवल्यावर हे करता येत नाही. रॉकेल ओतायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नको. वास लाकडात मुरतो आणि पुडीही खराब होते.

खरं जुनेपण हाताच्या जागी असतं

बाजारात जुनं करून दिलेलं वाद्य मिळतं. चहाच्या पाण्यानं रंगवलेलं, धुरावर धरलेलं, साखळीनं टोचे मारलेलं. ओळखायची रीत सोपी आहे. खरी झीज सगळीकडं सारखी नसते. ती जिथं हात, दोरी आणि मांडी लागते तिथंच होते.

पखवाजाच्या वाद्या सोडवून बघ. वादीखालचं लाकूड आजूबाजूपेक्षा उजळ असतं, आणि वादीखालचे लाकडी गठ्ठे बसतात तिथं दाबाच्या खोलगट खुणा असतात, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी गठ्ठे ठोकले गेलेत. वादकाच्या मांडीला टेकणारी बाजू गुळगुळीत झालेली असते. धनगरी ढोलाला जिथं पट्टा घासतो तिथं लाकूड चकचकतं आणि सांधीकोपऱ्यात भंडाऱ्याचा पिवळा रंग मुरलेला असतो. वादीखाली आणि वादीबाहेर लाकडाचा रंग एकसारखा काळा असेल, तर तो रंग दिलेला आहे.

आतून बघताना वाकसाचे आणि पटाशीचे घाव दिसले तर हातानं कोरलेलं खोड आहे. आत अगदी समान गोल रेघा असतील तर ते यंत्रावर कातलंय. पण नुसत्या गोल रेघांवरून नवं म्हणू नको. आपल्याकडं कातारी लोक हातानं चालणाऱ्या चरकावरही काम करत. घाव, झीज, वजन आणि घरची माहिती चारही एका दिशेनं बोलली तरच वयावर विश्वास ठेव.

आणि घरी आणल्यावर पॉलिश पेपर हातात घेऊ नको. भंडारा, तेलकट डाग, कुणी कोरलेलं नाव, देवाचं चिन्ह हे सगळं वाद्याबरोबर आलेलं आहे. कोरड्या मऊ कापडानं पुस, बस. वार्निश मारलेलं जुनं खोड मला कुणी फुकट दिलं तरी वाईट वाटतं, कारण त्याच्या अंगावरचं सगळं लिखाण पुसलेलं असतं.

देवाच्या दारातलं वाद्य आणू नको

या नियमात मी कुणालाच सवलत देत नाही. धनगरी ढोल घराचा नसतो, भावकीचा असतो. बिरोबाच्या जत्रेत धनगरांचे गजी नाचतात तेव्हा तोच ढोल पुढं लागतो. धनगरांच्या वस्तीतल्या एखाद्या तरण्या पोराला पैशाची नड असेल आणि तो गुपचूप विकायला तयार असेल, तरी घेऊ नको. वस्तीतल्या जाणत्यांसमोर विचार. ‘अजून वाजतो’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून परत फीर. पुडी फुटलीय म्हणून पडून असेल, तर मढवायचे पैसे देऊन ये. भजनी मंडळाच्या पखवाजाचंही तेच, देवळातल्या संबळाचंही तेच.

जे वाद्य खरंच कुणाला नको आहे, ज्याचा वाजवणारा उरला नाही, तेच घे. अशी खोडं पुष्कळ आहेत. घेताना योग्य पैसे दे आणि कागदावर लिहून घे. घासाघीस कमी कर. विकणारा गरजू असतो आणि तुझी खरेदी हौसेची असते.

कायद्याची बाजू

काही जुन्या दिमड्यांवर आणि गोव्याकडच्या घुमटांवर घोरपडीचं कातडं असतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला पहिल्या अनुसूचीत कडक संरक्षण आहे. असं वाद्य विकत घेऊ नको आणि विकूही नको. बकऱ्याच्या कातड्यानं मढवलेलं मिळतं, तेच घे.

शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू 1972 च्याच पुराणवस्तू कायद्याच्या व्याख्येत बसते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या पाहुण्यानं मागितलं तरी पाठवू नको. नवं शिसमाचं वाद्य पाठवायचं असेल तर चौकशी करून पाठव. शिसमाच्या कुळातली झाडं 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आली. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण कच्च्या लाकडाला नाही.

मढवणारा मिळाला की त्याला धरून राहा

खोड तुझ्याकडं कितीही भारी असो, मढवणारा नसेल तर ते मुकं आहे. कातडं भिजवून कमावणारे, गजरा विणणारे, वादी ओढणारे, शाई घोटणारे हात आता थोड्या घरांत उरलेत. ज्या घरांनी हे काम शतकानुशतकं केलं त्यांना गावानं त्याचा मान दिला नाही, ही आपली मोठी चूक आहे. तू तरी तसं वागू नको. मढवणाऱ्याच्या दुकानात गेलीस की त्याच्या शेजारी बस. काम बघ. विचारून घे की कातडं कुठून आणलं, किती भिजवलं, शाईचे किती थर दिले. सांगितलेला दर पुरा दे आणि वेळेची घाई करू नको. पावसाळ्यात पुडी मढवून मागू नको. कातडं नीट सुकत नाही. माघानंतरची कोरडी हवा बरी.

शक्य असेल तर त्याच्याकडून एक जुनी, निकामी पुडी मागून घे आणि स्वतः उसवून बघ. चाट कुठं शिवलीय, गजऱ्याचे पेड कसे फिरलेत, हे एकदा बोटांनी उलगडलं की पुढं कुठल्याही वाद्याची पुडी तुला वाचता येते.

पावसाळा, उंदीर आणि कणीक

सांभाळण्याचे नियम थोडे आहेत, पण मोडायचे नाहीत.

वाद्य जमिनीवर ठेवू नको, बाहेरच्या भिंतीला टेकवू नको. लाकडी फळी, खाली चुंबळ, वर सुती गवसणी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की आत दमट होऊन बुरशी येते. बुरशी आली तर कोरड्या कापडानं पुसून सावलीत हवा दे. उन्हात ठेवून सुकवू नको. पाच मिनिटांत जे सुकतं तेच चिरतं. हलगी आणि दिमडी शेकून वाजवायची वाद्यं आहेत, ती आगीवर धरतात म्हणून पखवाज चुलीजवळ नेऊ नको.

भजन झालं की पखवाजाची कणीक त्याच रात्री काढ. ओल्या फडक्यानं जागा पुस आणि कोरडी कर. राहिलेली कणीक वाळून कातडं ओढते, आणि तिच्या वासानं झुरळं आणि उंदीर येतात. चांगल्या पखवाजांचे काठ उंदरांनी कुरतडले ते या आळसापायी.

दोरीच्या ढोलाला जत्रा संपल्यावर थोडी ढील दे. तबला-पखवाजाचे गठ्ठे मात्र पूर्ण सैल करू नको. कातडं आक्रसून बसतं आणि पुन्हा सुराला यायला त्रास देतं. महिन्यातून एकदा तरी प्रत्येक वाद्य वाजव. वाजवताना बिघाड लवकर कळतो.

वही ठेव

जमवणारा आणि साठवणारा यांच्यातला फरक वहीत असतो. प्रत्येक वाद्याला एक पान दे. कुठल्या गावचं, कुणाच्या घरातलं, कोण वाजवत असे, कुठल्या जत्रेला किंवा मंडळात. घरच्यांनी सांगितलेलं आणि तुझा अंदाज यांच्यात फरक कर. अंदाजासमोर ‘अंदाज’ असं स्पष्ट लिही. लाकूड कुठलं, लांबी, दोन्ही तोंडांची मापं, पुडी नसतानाचं वजन, चिरा कुठं, जुन्या दुरुस्त्या कुठं. नवी पुडी कधी मढवली, कुणी मढवली, कुठल्या सुराला लावली. मढवल्यावर मोबाईलवर आवाज रेकॉर्ड कर आणि पुढच्या वेळी पुन्हा कर, म्हणजे खोडानं काय दिलं आणि कातड्यानं काय दिलं, हे काही वर्षांत तुझं तुलाच ऐकू येईल.

घरचा म्हातारा माणूस सांगत असेल तर त्याचं बोलणंही रेकॉर्ड करून घे. ढोलाचं वय लाकडावरून थोडंफार सांगता येतं. पण तो कुठल्या ठेक्यावर वाजत होता आणि गजी कुठल्या थापेला फिरत होते, हे फक्त त्याला ठाऊक असतं.

भाव ठरवतानाही हीच वही कामी येते. ओळख असलेलं शाबूत खोड, मग शाबूत पण ओळख नसलेलं, मग ओळख असलेलं पण मोडकं, आणि शेवटी नुसतं जुनं. जुनेपणाला पैसे देऊ नको. शाबूतपणाला आणि ओळखीला दे.

पुढं कुणाकडं जाणार, हे आजच ठरव

पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला. आज त्यांच्या संग्रहालयातली वाद्यं कुणालाही बघता येतात. त्यांनी वेळेत निर्णय घेतला म्हणून ते झालं. कित्येक संग्रह मालकाच्या मागं भंगारात गेले, कारण घरच्यांना काय कशाचं हे माहीत नव्हतं.

तेव्हा वहीच्या प्रत्येक पानावर खाली एक ओळ मोकळी ठेव आणि तिथं लिही, हे वाद्य माझ्यामागं कुणाला द्यायचं. मूळ गावात पुन्हा मंडळ उभं राहिलं तर पहिला हक्क त्या गावाचा. तिथं कुणी नसेल तर शिकणाऱ्या पोरापोरींचा. तेही नसतील तर संग्रहालयाचा. आणि तुझ्या हयातीतच कुणी शिकणारं दारात आलं आणि म्हणालं, आजच्या भजनाला पखवाज द्याल का, तर त्याला कणीक लावायची आणि काढायची कशी ते दाखव, आणि दे.